विटांचा उंच वाफा: भिंत बुटकी ठेवा, माती खोल करा

प्रश्न असा आहे: घरामागे साधारण १२ बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे. जमीन काळी. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. घरच्यापुरत्या भाजीपाल्यासाठी कमी खर्चात उंच वाफे करायचे आहेत. तयार लाकडी पेट्या घ्याव्यात की विटा लावाव्यात, उंची किती ठेवावी, आत काय भरावं आणि गवंडी लागेल का?

आधी थोडक्यात: विटा घ्या, सिमेंट लावू नका, जमिनीच्या वर फक्त ९ इंच उंची ठेवा आणि खालची जमीन ८ इंच खणून सैल करा. गवंड्याची गरज नाही. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम आहे.

उंचीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज असतात. दीड-दोन फूट उंच वाफ्यांचे फोटो छान दिसतात, पण भाजीपाल्याची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या फूट-सव्वा फुटातच असतात. जमिनीवर ९ इंच आणि खाली सैल केलेली ८ इंच मिळून १७ इंच खोली झाली. वांगी, टोमॅटो, भेंडी, गाजर सगळ्यांना पुरते. उलट भिंत उंच करत गेलात की खर्च दोन्हीकडून वाढतो. विटा जास्त लागतात, भरायला माती जास्त लागते, आणि उंची दुप्पट केली की ओल्या मातीचा भिंतीवरचा रेटा चौपट होतो. ४ इंच जाडीची सुटी भिंत ९ इंचांपर्यंत आपल्या वजनावर नीट उभी राहते. एक फुटाला ती काठावर येते आणि पहिल्या मोठ्या पावसात लांब बाजू मधोमध पोट काढते. गुडघेदुखीमुळे कमरेइतका वाफा हवा असेल तर मात्र पाया घालून ९ इंच जाडीचं पक्कं बांधकामच करायला हवं. ते काम वेगळं, त्याचा खर्चही वेगळा.

लाकडी पेट्यांचं म्हणाल तर आपल्याकडे ओल्या मातीला टेकलेलं साधं लाकूड वाळवी आणि बुरशी दोन-तीन पावसाळ्यांत संपवतात. पॅलेटच्या फळ्या फुकट मिळत असतील तर तात्पुरत्या वाफ्याला चालतील, पण त्यावरचा शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालतं, ‘एमबी’ असेल तर विषारी वायूची प्रक्रिया केलेली असते, ते भाजीला नको. रेल्वेचे डांबरट वासाचे जुने स्लीपर घेऊ नका. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे तर कापायला किंवा फोडायलासुद्धा घेऊ नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. पांढरे हलके एएसी ब्लॉक कायम ओलीत राहिले की कडेने भुगा होतात.

विटेला चांगला पर्याय म्हणजे जुन्या घराच्या शहाबादी फरशीचे तुकडे. दीड फूट उंचीचे तुकडे उभे करून अर्धे जमिनीत गाडले की ९ इंचांची कड तयार होते. कोकणात असाल तर जांभ्याचा चिरा. तो इतका जड असतो की एकाच थरात काम होतं, आणि पाडलेल्या गडग्याचे जुने चिरे स्वस्तात मिळतात. पण प्रश्न काळ्या जमिनीचा आहे, म्हणजे घाटावरचा, तिथे वीटच सोयीची.

विटा किती आणि वाफा केवढा

रुंदी ठरवताना नियम एकच: वाफ्यात पाय न ठेवता दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचला पाहिजे. आतली रुंदी साडेतीन फुटांच्या वर नको. आपल्या बाजारातली साधी वीट साधारण ९ × ४ × ३ इंच असते. वीट फोडावी लागू नये म्हणून वाफ्याचं माप विटेवरून काढायचं, वाफ्यावरून विटा नाही.

कोपऱ्यांची मांडणी अशी ठेवा: प्रत्येक बाजू एका कोपऱ्यात पुढच्या बाजूच्या विटेला जाऊन टेकते आणि दुसऱ्या कोपऱ्यात स्वतः बाहेरपर्यंत जाते. चारही बाजूंना हाच क्रम ठेवला की एकही वीट तोडावी लागत नाही. मग हिशेब सोपा होतो. बाहेरची लांबी म्हणजे विटांची संख्या गुणिले विटेची लांबी, अधिक विटेची रुंदी. आतली लांबी म्हणजे तोच गुणाकार, उणे विटेची रुंदी. आखूड बाजूला ५ आणि लांब बाजूला ११ विटा धरल्या तर वाफा बाहेरून ४९ × १०३ इंच आणि आतून ४१ × ९५ इंच भरतो. एका थराला ३२ विटा. एक थर जमिनीत, तीन थर वर, म्हणजे १२८. फूटतूट धरून १४० घ्या.

तुमच्या १२ बाय १५ च्या जागेत असे दोन वाफे शेजारी-शेजारी बसतात, मध्ये आणि कडेने सव्वादोन फुटांच्या वाटा सोडून. तरी आधी एकच करा. सावली कुठे पडते आणि पाणी कुठे साचतं हे एक हंगाम गेल्यावर दिसतं, आणि सुटा वाफा उचलून चार फूट सरकवणं हे फक्त मेहनतीचं काम आहे, नुकसानीचं नाही.

वीट घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द वाजणारी, नखाने ओरखडा पडणारी वीट कमी भाजलेली असते. ती ओल धरून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पापुद्र्यांनी सुटते. राखेच्या (फ्लाय ॲश) विटाही चालतात, त्या मापाने एकसारख्या असल्यामुळे सुट्या रचायला उलट बऱ्या. पाडकामाच्या जुन्या विटा स्वस्त मिळाल्या तर त्यावरचा चुना-सिमेंट खरवडून घ्या, नाहीतर थर डगमगतात. वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून खरेदी उन्हाळ्यातच उरकलेली बरी.

जागा

रोज किमान सहा तास ऊन हवं. पूर्वेचं ऊन आणि पश्चिमेला थोडी सावली असेल तर उत्तम, कारण एप्रिल-मे मधलं दुपारनंतरचं ऊनच भाजीला भाजून काढतं. घराच्या भिंतीला वाफा चिकटवू नका; दोन फूट अंतर सोडा, नाहीतर ओल भिंतीत चढते आणि मागाहून वाळवी. शेवगा, नारळ, आंबा यांच्या पसाऱ्याखाली वाफा केलात तर सहा-आठ महिन्यांत त्यांची मुळं खालून वर येऊन तुमचं खतपाणी खायला लागतील. उतार असेल तर लांब बाजू उताराला आडवी ठेवा.

निचरा आधी तपासा. एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि या दुसऱ्या वेळी पट्टी लावून बघा. तासाला एक इंचापेक्षा कमी पाणी उतरत असेल तर निचरा कमी आहे. काळ्या जमिनीत बहुधा असंच निघेल. त्याने वाफा रद्द होत नाही. फक्त भोवतालच्या वाटा एका दिशेला थोड्या उतरत्या ठेवून पाणी बाहेर काढून द्यावं लागतं.

आखणी आणि पाया

पहिली पायरी बरेच जण गाळतात: खणण्यापूर्वी पहिला थर जमिनीवर नुसता मांडून बघा. भट्टीची वीट कागदावरच्या मापाची क्वचितच असते, पाव इंचाचा फरक ११ विटांत पावणेतीन इंच होतो. मांडल्यावर जे माप येईल तेच तुमचं माप. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरी बांधा आणि दोन्ही कर्ण मोजा. वर दिलेल्या मापात कर्ण ९ फूट ६ इंच यायला हवा. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर वाफा तिरका आहे, आणि तिसऱ्या थराला कोपरा जुळणार नाही.

दोरीच्या रेषेत ८ इंच रुंद आणि ६ इंच खोल चर खणा. निघालेली माती टाकू नका, ती साधारण ८ घनफूट असते आणि पुढे लागणार आहे. चरात ३ इंच मुरूम घालून पाणी शिंपडा आणि धुम्मसाने ठोका. वाफ्याची एकूण फेरी सुमारे २४ फूट, म्हणून मुरूम ४ घनफूट लागतो, म्हणजे ८ घमेली. (भरलेलं घमेलं सरासरी अर्धा घनफूट धरलं आहे, तुमचं लहान असेल तर एकदा मोजून घ्या.) हलक्या तांबड्या जमिनीत मुरूम नसला तरी चालतं. काळ्या जमिनीत तो टाळू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. विटा थेट तिच्यावर ठेवल्या तर वर्षभरात अर्धी भिंत वर आणि अर्धी खाली होते.

आता पहिला थर. त्याचा वरचा पृष्ठभाग जमिनीच्या पातळीत आला पाहिजे. पातळी बघायला पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवा. या एका थराला वेळ द्या. इथे अर्धा इंच चुकलं तर वर ते झाकता येत नाही.

दुसऱ्या थराला कोपऱ्यांचा क्रम उलटा करा. खालच्या थरात जी बाजू बाहेरपर्यंत गेली होती ती आता आत टेकेल. त्यामुळे सगळे सांधे आपोआप ४ इंचांनी सरकतात आणि खालच्या सांध्यावर वरचा सांधा येत नाही. तिसरा पहिल्यासारखा, चौथा दुसऱ्यासारखा. विटा वेड्यावाकड्या असतील तर दोन थरांमध्ये चाळलेल्या मातीचा पातळ गारा लावा. तो चिकटवायला नाही, वीट डुलू नये म्हणून असतो. विटेवर नावाची खाच असेल तर ती खाली करा, वर ठेवली की त्यात पाणी साचतं.

सिमेंट का नको? पैसे वाचतात हे आहेच, पण मुख्य म्हणजे सुट्या सांध्यांतून जादा पाणी सगळीकडून निघून जातं. सिमेंटची पातळ भिंत काळ्या जमिनीवर तडकतेच, आणि तडकली की दुरुस्ती म्हणजे पाडणं. सुटी भिंत हलली तर दहा मिनिटांत पुन्हा रचता येते. सिमेंट लावायचंच असेल तर जमिनीलगतच्या थरात दर तीन फुटांवर एक उभा सांधा मोकळा ठेवा.

एक फूट उंचीचा हट्टच असेल तर प्रत्येक लांब बाजूला बाहेरून दोन जागी अडीच फुटांची १२ मिमी सळई दीड फूट जमिनीत ठोका आणि समोरासमोरच्या सळया मातीखालून, विटांच्या सांध्यांतून काढलेल्या जाड जीआय (गंज न धरणाऱ्या, जस्त चढवलेल्या) तारेने एकमेकींना बांधा. पोट निघत नाही.

आतली जमीन

हा सगळ्यात कष्टाचा भाग, आणि वाफा चालणार की नाही हे इथे ठरतं. आतली जमीन तशीच कडक ठेवून वर नऊ इंच चांगली माती ओतली, तर पावसाळ्यात पाणी त्या कडक थरावर अडतं आणि मुळं खालून कुजतात. पानं मात्र पाणी कमी पडल्यासारखी मलूल दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो.

कुदळीने किंवा टिकावाने ८ इंच खणा, पण वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना. मे महिन्यात काळी जमीन दगड झालेली असते. भरपूर पाणी देऊन तीन-चार दिवस थांबा. मुठीत माती दाबून गोळा करा आणि गुडघ्याच्या उंचीवरून टाका. फुटला तर खणा, चपटा झाला तर अजून थांबा. ओली असताना खणलेली काळी माती वाळल्यावर ढेकळं होते आणि ती वर्षभर फुटत नाहीत. खणताना वर २ इंच कंपोस्ट पसरून ते खाली मिसळा; २७ चौरस फुटांना साडेचार घनफूट, म्हणजे ९ घमेली.

तण कोणतं आहे ते बघूनच पुढचं ठरवा. गाजर गवत, आघाडा अशा बियांवर येणाऱ्या तणांसाठी खोक्यांचे पुठ्ठे पुरतात: चिकटपट्ट्या काढून, दोन थर, एकमेकांवर सहा इंच चढवून, भिजवून, त्यावर माती. हरळी आणि लव्हाळा यांना पुठ्ठ्याचं काही वाटत नाही. हरळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानेच वेचायच्या. एप्रिल-मे हाताशी असेल तर जमीन खणून, भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवा. काळं नाही, पारदर्शकच; ऊन आत जाऊन माती तापायला हवी. हरळीचा जोर बराच मोडतो, लव्हाळ्याचा अर्धवट.

घुशींचा त्रास असलेल्या वस्तीत तळाला अर्धा इंची जाळीची वेल्डमेश अंथरा आणि कडा पहिल्या थराखाली दाबा (म्हणजे खणाई आणि जाळी विटा रचण्याआधीच उरकायची). सैल, ओली, गांडुळांनी भरलेली माती घुशीला कळायला वेळ लागत नाही, आणि वाफा भरल्यावर जाळी घालता येत नाही. तळाला प्लॅस्टिक किंवा खडीचा थर मात्र नको. बारीक मातीखाली खडी असली की पाणी वरच्या थरातच लटकून राहतं, निचरा उलट कमी होतो.

तळाला ओंडके आणि फांद्या भरून वर माती घालायची पद्धत हल्ली सगळीकडे सांगितली जाते. नऊ इंचांच्या वाफ्यात त्याला जागा नाही, आणि आपल्या हवेत ते वाळवीला निमंत्रण आहे.

काय भरायचं

आतलं क्षेत्रफळ २७ चौरस फूट, उंची पाऊण फूट, म्हणजे २० घनफूट जागा. भरलेलं मिश्रण महिना-दोन महिन्यांत पाचवा हिस्सा बसतं, म्हणून २५ घनफूट धरा. म्हणजे पाव ब्रास, अंदाजे ५० घमेली:

माती २५ घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट १५ घमेली, हलका भर १० घमेली, निंबोळी पेंड १ किलो.

माती विकत घेण्याची घाई करू नका, सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. चरातून १६ घमेली निघाली आहेतच. वाफ्याभोवतीच्या वाटेवरून वरची दोन इंच सुपीक माती खरवडली तर आणखी वीसेक घमेली मिळतात, आणि वाटेवर मुरूम किंवा विटांचा रोडा टाकला की पावसाळ्यात चिखलही होत नाही. काळी माती वाईट नसते. ती अन्नद्रव्यं आणि पाणी दोन्ही धरून ठेवते. तिला फक्त हवा कमी पडते, आणि ती सेंद्रिय भर देतो. पोयटा किंवा तांबडी माती जवळ फुकट मिळत असेल तर अर्धी ती घ्या. नर्सरीतली ‘लाल माती’ घेताना जपा, बऱ्याचदा तो पायाच्या खोदाईतला मुरूम असतो. बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवा: वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा एक-दोन तासांत, चिकणमाती दिवसभर गढूळ राहते. तळाला सगळी रेतीच दिसली तर घेऊ नका. चमचाभर सुक्या मातीवर लिंबू पिळून फसफसलं तर चुनखडी आहे.

चिकट माती सुधारायला थोडी वाळू घालण्याचा मोह टाळा. कमी प्रमाणातली वाळू काळ्या मातीत मिसळून वाळली की विटेसारखी घट्ट होते. क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी असल्याने ती आणखीच वाईट.

हलका भर म्हणजे तुमच्या भागात जे फुकट किंवा स्वस्त मिळतं ते: भातपट्ट्यात तूस, कोल्हापूर-सांगलीकडे बारीक केलेलं उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, सगळीकडे पालापाचोळा. शहरात काहीच नसेल तर कोकोपीट, पण ते आधी दोनदा पाण्यातून काढा, त्यात क्षार असतात. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) मिळाली तर शेणखताऐवजी चालते, ताजी नको. ती ढिगात तापते आणि रोपांची मुळं भाजतात.

शेणखत कुजलंय की नाही हे नाकाला आणि हाताला कळतं: नाकात झोंबणारा वास नाही, रंग काळपट, भुसभुशीत. शंका असेल तर कपात ओलं खत घेऊन मेथीचे दहा दाणे टाका. चार-पाच दिवसांत सात-आठ दाणे नीट उगवले तर वापरा. खत घमेल्यात घालताना हाताने मोकळं करा आणि पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर वेचून काढा. ती हुमणी. उकिरड्याच्या शेणखतातून ती बहुधा वाफ्यात येते आणि मग रोपं एकेक करून मुळाशी कापली जातात.

सगळं बाहेर ताडपत्रीवर कोरडं मिसळा, थराथराने नाही. भरण्यापूर्वी विटांच्या आतल्या बाजूला जुनी गोणपाटं लावा म्हणजे पहिल्या पावसात सांध्यांतून माती वाहून जाणार नाही. तागाचीच लावा, ती कुजेपर्यंत मुळांनी माती बांधलेली असते. खताच्या प्लॅस्टिक गोण्यांचे उन्हात धागे सुटतात आणि ते मातीतून कायमचे निघत नाहीत. सहा इंच भरलं की पाणी द्या, मग उरलेलं भरा. पायाने तुडवू नका. दोन-तीन आठवडे ओलं ठेवून बसू द्या.

पहिलं पीक म्हणून चवळी किंवा ताग घ्या. ताग फुलावर येताना, दीड महिन्याच्या आसपास, कापून तिथेच मिसळायचा. हे न करता थेट टोमॅटो लावलेत तरी येतील, फक्त पहिल्या हंगामात खताची ओढ जास्त राहील.

पाणी

उंच वाफा सपाट जमिनीपेक्षा लवकर सुकतो, आणि आधी कडा सुकतात, कारण विटा पाणी शोषतात. मे महिन्यात या एका वाफ्याला रोज वीसेक लिटर लागतं, थंडीत दहा लिटर. ठिबक लावायचं असेल तर ३० सेंमी अंतरावर ड्रिपर असलेली इनलाइन नळी एक-एक फुटावर तीन ओळींत टाका. ताशी २ लिटरचे २४ ड्रिपर होतात, म्हणजे उन्हाळ्यात २५ मिनिटं पुरे. वर दोन-तीन इंच पाचटाचं किंवा पाल्याचं आच्छादन हवंच, नाहीतर काळी माती वाफ्यातही भेगाळते. मार्च ते मे ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. वेलांचा मांडव उत्तर बाजूला.

काय बिघडतं

पानं पिवळी पडली तर आधी कोणती पानं ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. न कुजलेला पाला किंवा लाकडाचा भुसा घातला की तो कुजवणारे जीवाणूच नत्र ओढून घेतात. १५-२० ग्रॅम युरिया १० लिटर पाण्यात विरघळवून वाफ्याला द्या, किंवा पेंडीचं आंबवलेलं पाणी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ही नेहमीची. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, संध्याकाळी फवारा. याच कारणाने काळ्या मातीच्या वाफ्यात चुलीची राख किंवा चुना घालू नका. कोकणातल्या आम्ल जमिनीत राख चालते, इथे ती दुखणं वाढवते.

विटांवर पांढरा लोणा दिसला तर घाबरू नका, पण बोअरचं पाणी खारट आहे का ते बघा. मातीच्या पृष्ठभागावरही पांढरा थर येत असेल तर पावसाचं पाणी साठवून अधूनमधून भरपूर द्या, क्षार खाली धुऊन जातात.

पावसाळ्यात सुट्या विटांच्या फटींत गोगलगायी आणि शेंब्या (बिनशंखाच्या गोगलगायी) बसतात. संध्याकाळी वाफ्याशेजारी ओलं गोणपाट अंथरा, सकाळी उचलून खालच्या गोळा करा. फटी मोठ्या असतील तर गाऱ्याने बुजवा; विंचू-सापालाही त्या आवडतात. मांजरं मोकळ्या मातीत उकरतात, रोपं मोठी होईपर्यंत बोरीच्या काट्या पसरा.

दर हंगामानंतर वाफा एक-दोन इंच खाली बसलेला दिसेल. खणायचं नाही, वरून दीड इंच कंपोस्ट, म्हणजे सात घमेली, आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. वाफ्यात पाय पडला नसेल तर माती हाताने उकरता येण्याइतकी भुसभुशीत राहते.

हाच वाफा गच्चीवर करू नका. नऊ इंच ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला साडेतीनशे ते चारशे किलो भरतं. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला वापराचा भार दीडशे किलोच्या आसपास आहे. गच्चीसाठी माती अगदी कमी आणि पाला-कंपोस्ट जास्त असं हलकं मिश्रण, पाच-सहा इंच खोली, तुळईच्या रेषेवरची जागा, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला.